कर्सर कुठे आहे?

इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहराच्या दफ्तरखान्यात यंत्रावर लिहिलेली काही जुनी पत्रं जपून ठेवली आहेत. ती १८०८ ते १८१० या काळातली आहेत, म्हणजे रेमिंग्टनचा टाइपरायटर बाजारात यायच्या साठहून अधिक वर्षं आधीची. ती लिहिणारी काउंटेस कारोलिना फान्तोनी अंध होती. तिच्या लेखनयंत्राशी नाव जोडलं जातं ते तिचा स्नेही पेल्लेग्रिनो तुर्री याचं. शाईऐवजी त्यात काळा कार्बन कागद वापरलेला होता. यंत्र पुढे नाहीसं झालं, पत्रं उरली. आपलं खासगी पत्र लेखनिकाला न सांगता आपल्याच हातानं लिहिता यावं, एवढ्या गरजेतून जगातल्या अगदी आरंभीच्या टंकयंत्रांपैकी एक जन्माला आलं.

काउंटेस लिहू शकत होती, पण लिहिलेलं परत वाचू शकत नव्हती. वाक्याच्या मध्यावर कुणी दार वाजवलं, तर परतल्यावर आपण कोणत्या शब्दाशी थांबलो होतो हे तिला स्वतःच्या आठवणीखेरीज कशावरूनही कळणार नव्हतं. चुकलेलं अक्षर तिला सापडणार नव्हतं, मग दुरुस्ती दूरच. मजकूर उमटवणं ही एक गोष्ट. त्यात मागे जाणं, शोधणं, खोडणं, मधे शब्द घालणं ही दुसरी. गेल्या दोनशे वर्षांत दृष्टिहीन लेखकाला पहिली गोष्ट वेगवेगळ्या रूपांत मिळत गेली. दुसरी मात्र दर नव्या साधनाबरोबर हातातून निसटली आणि पुन्हा झगडून मिळवावी लागली. आज ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एडिटरांबद्दल जी तक्रार आहे, ती या दुसऱ्या गोष्टीची आहे.

लुई ब्रेलनं १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या लिपीत अडचण नेमकी उलटी होती. ब्रेलमध्ये लिहिलेलं स्वतःला वाचता येई, पण घरच्या डोळस माणसांना नाही. शिवाय ब्रेल पाटीवर लिहिताना कागदाच्या मागल्या बाजूनं, उजवीकडून डावीकडे, उलटी अक्षरं टोचावी लागत. वाचायचं तर कागद काढून पालथा करायचा. ही दरी ब्रेललाही जाणवत होती. १८३९ मध्ये त्यानं रोमन अक्षरांचे आकारच ठिपक्यांनी उमटवण्याची पद्धत मांडली, आणि त्याचा मित्र पिएर फूको यानं तिच्यासाठी यंत्र बनवलं. फूको स्वतः अंध होता. पुढे १८९२ मध्ये अमेरिकेत इलिनॉयच्या अंधशाळेचे प्रमुख फ्रँक हॉल यांनी सहा कळांचं ब्रेल यंत्र आणलं आणि १९५१ मध्ये पर्किन्स ब्रेलर आला. पर्किन्सवर ओळ लिहिता लिहिताच बोट मागे नेऊन ती तपासता येत होती. चूक सापडे. पण कागदावरचा ठिपका दाबून सपाट करण्यापलीकडे दुरुस्तीचा मार्ग नव्हता, आणि मधेच एखादं वाक्य घालायचं तर सगळं पान नव्यानं लिहावं लागे.

लिहिणं आणि दुरुस्त करणं या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या त्या १९८० च्या दशकात, आणि त्याही जवळजवळ योगायोगानं.

त्या काळच्या आयबीएम पीसीचा पडदा २५ ओळींचा होता, दर ओळीत ८० अक्षरं. एकूण २,००० घरं. कोणत्या घरात कोणतं अक्षर आहे ते संगणकाच्या स्मृतीतल्या एका ठरलेल्या जागी नोंदलेलं असे आणि कर्सर कोणत्या घरात आहे हेही यंत्राला विचारता येई. म्हणजे पडद्यावर दिसणारा मजकूर आणि संगणकाला ठाऊक असलेला मजकूर एकच होता. एखादा लहानसा प्रोग्राम ती स्मृती वाचून बोलणाऱ्या यंत्राकडे पाठवू शकत होता. आयबीएमच्या संशोधन विभागात जिम थॅचर यांनी जेसी राइट यांच्याबरोबर हेच केलं. राइट हे थॅचर यांचे विद्यापीठातले मार्गदर्शक, गणिती आणि दृष्टिहीन. त्यांच्या कामातून ‘आयबीएम स्क्रीन रीडर’ तयार झाला आणि पुढे अशा सगळ्याच प्रोग्रामांना स्क्रीन रीडर म्हटलं जाऊ लागलं. १९८७ मध्ये टेड हेंटर यांनी बिल जॉइस यांच्यासह कंपनी काढली. हेंटर मोटरसायकल शर्यतींत उतरणारे अभियंते. १९७८ मध्ये मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. त्यांच्या कंपनीचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आजही जगभर वापरात आहे.

त्या पीसींच्या ‘डॉस’ प्रणालीवर काम केलेली दृष्टिहीन माणसं त्या दिवसांबद्दल आजही आपुलकीनं बोलतात. वर्डपरफेक्टच्या रिकाम्या पडद्यावर परिच्छेद लिहायचा, वरच्या बाणानं मागल्या ओळीवर जायचं, अक्षर-अक्षर ऐकत चुकलेलं स्पेलिंग गाठायचं, तिथेच खोडायचं, पुढे जायचं. शेजारच्या टेबलावरचा डोळस सहकारी त्याच प्रोग्राममध्ये, त्याच कळांनी तेच काम करत असे. बरोबरीची ही वेळ फार दिवस टिकली नाही.

मॅकिंटॉश आणि मग विंडोज आलं, आणि पडदा अक्षरांचा न राहता चित्राचा झाला. ‘अ’ हे अक्षर आता रंगीत ठिपक्यांचा एक आकार होतं. चित्र एकदा काढून झालं की तिथे कोणतं अक्षर आहे हे यंत्रालाही सांगता येत नसे. बर्कली सिस्टिम्स या कंपनीनं १९८९ मध्ये मॅकिंटॉशसाठी ‘आउटस्पोकन’ आणला, तेव्हा त्यांनी एक आडवाट शोधली. अक्षरं पडद्यावर रंगवली जाण्याआधीच, ती रंगवण्याची आज्ञा जाता जाता पकडायची, आणि पडद्यामागे सगळ्या मजकुराची दुसरी प्रत ठेवायची. आयबीएमच्या रिच श्वेर्ड्टफेगर यांनी १९९१ मध्ये ‘बाइट’ मासिकात लेख लिहून ही कल्पना मांडली. १९९५ मध्ये जॉजची विंडोज आवृत्ती आली तीही याच तत्त्वावर. हे काम विलक्षण किचकट होतं आणि प्रत्येक नव्या प्रोग्रामबरोबर मोडत होतं. अखेर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ‘ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी’ आणलं. आता प्रोग्रामनं स्वतःहून सांगायचं होतं: हे बटण आहे, त्याचं नाव हे, त्याची स्थिती ही. पडद्यामागची प्रत अंदाजानं तयार करायची गरज कमी झाली, आणि ती सांगायची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर आली.

वेबचा जन्म याच सुमाराचा. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये नेक्स्ट संगणकावर जो पहिला ब्राउझर लिहिला तो एडिटरही होता. पान उघडायचं, त्यातच लिहायचं, जोडायचं, अशी मूळ कल्पना होती. १९९३ मध्ये ‘मोझॅक’नं वेब घराघरांत नेलं ते फक्त वाचण्याचं साधन म्हणून. लिहिण्याची बाजू मागे पडली, आणि अपंग व्यक्तींसाठी वेब सुलभ करण्याची चळवळ सुरू झाली तेव्हा तिनंही वाचनाचीच बाजू आधी हाती घेतली. आयबीएमच्या टोकियो प्रयोगशाळेतल्या चिएको आसाकावा किशोरवयात अंध झाल्या होत्या. १९९७ मध्ये त्यांनी ‘होम पेज रीडर’ हा बोलणारा ब्राउझर घडवला. त्याच वर्षी वेबच्या जागतिक मानकसंस्थेनं सुलभतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला आणि मे १९९९ मध्ये वेबपानांसाठीची पहिली नियमावली दिली. तिच्या पुढच्या आवृत्त्या आज अनेक देशांच्या कायद्यांचा आधार आहेत. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००० मध्ये, त्याच संस्थेनं लेखनसाधनांसाठीही नियमावली काढली: एडिटर स्वतः अपंग व्यक्तीला वापरता यावा, आणि त्यातून तयार होणारं पानही सुलभ असावं. या दुसऱ्या नियमावलीचं नाव वेबवर काम करणाऱ्या फार थोड्यांना माहीत असतं. तिची सुधारित आवृत्ती यायला २०१५ उजाडलं.

कायदेही वाचनाच्या अंगानं पुढे गेले. अंध वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करण्याची मुभा देणारा माराकेशचा करार आहे, त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, साल २०१४. ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण अंध माणूस हा वाचक आहे तितकाच लेखक, शिक्षक, वकील, बँक अधिकारी आणि प्रोग्रामरही आहे. त्याला दिवसभर लिहावं लागतं, आणि हे धोरणांत फार उशिरा उतरलं.

वेबवर लिहिण्याची सर्वांत जुनी जागा म्हणजे साधी चौकट, जिच्यात आपण शेरा किंवा पत्ता भरतो. ती ब्राउझरची स्वतःची असल्यामुळे स्क्रीन रीडरला नीट कळते. पण तिच्यापर्यंत पोचण्यातच एक गुंता होता, जो डोळस माणसाच्या कधी लक्षात येत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्क्रीन रीडरांनी वेबपानाची एक सलग प्रत करून तीत हिंडण्याची सोय दिली. या वाचनाच्या अवस्थेत ‘एच’ची कळ दाबली की पुढचं शीर्षक येतं, ‘के’ दाबली की पुढचा दुवा. लिहायचं असेल तर अवस्था बदलावी लागते. मग ‘एच’ म्हणजे फक्त ‘एच’. चौकट लहान असते तोवर हे चालून जातं. पण वीस पानांचा लेख ब्राउझरमध्येच लिहायचा असेल, त्यात शीर्षकं, तक्ते, तळटिपा असतील, तर लेखकाला एकाच वेळी वाचत हिंडायचंही असतं आणि लिहायचंही. दोन अवस्थांची ही विभागणी त्या कामासाठी कधी आखलेलीच नव्हती.

इंटरनेट एक्सप्लोररनं पान थेट संपादित करण्याची सोय दिल्यावर तिच्यावर उभे राहिलेले एडिटर आले. २००३ मध्ये एफसीके-एडिटर (पुढचं नाव सीके-एडिटर), २००४ मध्ये टायनी-एमसीई. ठळक, तिरकं, यादी, दुवा अशा बटणांची रांग वर आणि खाली मजकूर. सुरुवातीच्या अशा एडिटरांत बटणं म्हणजे बहुधा निनावी चित्रं असत. स्क्रीन रीडर नुसतं ‘ग्राफिक’ म्हणे. टॅबच्या कळेचा पेच तर फारच जाचक होता. वेबपानावर टॅब म्हणजे पुढच्या जागी जाणं, लेखात टॅब म्हणजे समास सोडणं. एडिटरनं टॅब स्वतःकडे ठेवली की माऊस न वापरणारा माणूस त्यात अडकून पडे. मजकूर लिहून झाला, पण ‘पाठवा’च्या बटणापर्यंत जाता येत नाही. हळूहळू संकेत ठरत गेले. ऑल्ट आणि एफ-१० दाबलं की मजकुरातून बटणांच्या रांगेत जायचं, एस्केप दाबलं की परत, हा संकेत टायनी-एमसीई आणि सीके-एडिटर दोघांनीही पाळला. असे संकेत कुठल्याही जाहिरातीत नसतात. वापरणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा चिकाटीनं तक्रारी नोंदवल्या आणि थोड्या प्रोग्रामरांनी त्या मनावर घेतल्या, म्हणून ते घडले.

मोठा हादरा बसला तो गूगल डॉक्समुळे. २००५ मध्ये ‘रायटली’ नावाचा एक छोटा वेब-एडिटर निघाला होता; मार्च २००६ मध्ये गूगलनं तो विकत घेतला. पहिली काही वर्षं त्याचा कारभार ब्राउझरच्या संपादनसोयीवरच चालला. पण प्रत्येक ब्राउझर ती सोय वेगळ्या तऱ्हेनं देई, आणि अनेकांनी एकाच वेळी एकाच दस्तऐवजात लिहायचं तर मजकुरावर काटेकोर ताबा हवा होता. म्हणून २०१० मध्ये गूगलनं एडिटर मुळापासून नवा लिहिला. ओळ कुठे मोडायची हे तो स्वतः ठरवे, दाबलेल्या कळा एका लपलेल्या कप्प्यात पकडे, आणि लुकलुकणारा कर्सरही स्वतःच रेखाटे. डोळ्यांना तो कर्सर आहे तसाच दिसत होता. पण ब्राउझरच्या लेखी तिथे कर्सर नव्हता, लिहिण्याची चौकट नव्हती, निवडलेला मजकूर नव्हता. स्क्रीन रीडरनं विचारावं, कर्सर कुठे आहे, आणि उत्तरच येऊ नये, अशी स्थिती झाली. पडदा मोठा करून पाहणाऱ्या अल्पदृष्टीच्या माणसांचीही तीच गत, कारण भिंग कर्सरच्या मागे जातं ते तो कुठे आहे हे कळलं तरच. आवाजानं लिहिणाऱ्यांचा तोटा आणखी वेगळा होता. १९९७ मध्ये आलेल्या ड्रॅगन नॅचरली-स्पीकिंगमध्ये शब्द उच्चारला की तो मजकुरात शोधून निवडता येतो. मजकूरच हाती लागत नसेल तर बोलून लिहिता येईल, बोलून दुरुस्त करता येणार नाही. काउंटेस फान्तोनीच्या यंत्राची मर्यादा अशी दोनशे वर्षांनी, हात न वापरता येणाऱ्या माणसाच्या वाट्याला आली.

विद्यापीठं त्याच वर्षांत ईमेल आणि दस्तऐवज गूगलकडे नेत होती. मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेनं न्यूयॉर्क विद्यापीठ आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ यांच्याविरुद्ध न्याय खात्याकडे तक्रार केली: अंध विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना वापरता न येणारी साधनं विद्यापीठ सर्वांवर लादू शकत नाही. तक्रारीचा रोख कंपनीपेक्षा निवड करणाऱ्या संस्थांवर होता, आणि तो योग्यच होता. साधन विकत घेणारा विचारू लागला की साधन घडवणारा ऐकतो.

गूगलनं काढलेला तोडगा कल्पक होता आणि अपुराही. कर्सर कुठे आहे हे स्क्रीन रीडरला कळत नसेल तर एडिटरनं स्वतःच बोलावं. वेबच्या सुलभतेसाठी घडत असलेल्या ‘एरिया’ या मानकात एक सोय होती: पानाच्या एखाद्या भागात मजकूर बदलला की स्क्रीन रीडरनं तो आपोआप वाचून दाखवायचा. सामना चालू असताना धावफलक वाचायला ती उपयोगी. गूगलनं तिच्यावर सगळा एडिटर तोलला. बाणाची कळ दाबली की नव्या जागचं अक्षर किंवा ओळ एका अदृश्य कप्प्यात लिहायची. स्क्रीन रीडर ती बातमी समजून वाचतो. कंट्रोल, ऑल्ट आणि झेड दाबून ही सोय सुरू करायची. त्यामुळे डॉक्समध्ये लिहिणं शक्य झालं. मात्र स्क्रीन रीडर आता फक्त निरोप्या उरला होता. विरामचिन्हं कशी वाचायची, शुद्धलेखनाची चूक कशी कळवायची, यांबद्दल वापरणाऱ्यानं वर्षानुवर्षं बसवलेल्या स्वतःच्या सवयी तिथे लागू पडत नव्हत्या. ब्रेल डिस्प्ले वापरणाऱ्यांना तर याचा फारसा उपयोगच नव्हता. ब्रेल डिस्प्लेवर ओळ बोटांखाली येते आणि हव्या त्या अक्षरावरचं बटण दाबलं की कर्सर तिथे जातो. बोलून संपलेल्या बातमीत बोट ठेवायला जागा नसते. ब्रेलसाठी डॉक्समध्ये वेगळी सोय नंतर आली आणि तिथून स्थिती बरीच सुधारली.

हे ‘एरिया’ मानक पक्कं व्हायला मार्च २०१४ उजाडलं. त्याच्या कामात पुढे होते तेच रिच श्वेर्ड्टफेगर, ज्यांनी १९९१ मध्ये चित्रमय पडद्याला बोलतं करण्यावर लिहिलं होतं.

प्रोग्रामरांच्या एडिटरांची कथा याच वळणाची आहे, पण तिचा शेवट अधिक सुखाचा. मोझिलानं फेब्रुवारी २००९ मध्ये ‘बेस्पिन’ हा प्रयोग मांडला. त्यात कोडची प्रत्येक ओळ ‘कॅनव्हास’वर, म्हणजे ब्राउझरमधल्या कोऱ्या चित्रफलकावर रंगवली जाई. वेग दिपवणारा होता आणि स्क्रीन रीडरला त्यात काहीच नव्हतं; हा आक्षेप लगेच घेतला गेला. पुढच्या एडिटरांनी एक जुनी, साधी गोष्ट परत आणली: रंगीबेरंगी कोडमागे एक लपलेली लेखनचौकट. मायक्रोसॉफ्टच्या मोनॅको एडिटरनं ही युक्ती विशेष चांगली वापरली. कर्सरच्या आसपासच्या काही ओळी त्या लपलेल्या खऱ्या चौकटीत सतत भरून ठेवायच्या, कर्सरही तिथेच हलवायचा. स्क्रीन रीडरला हजारो ओळींची फाइल दिसत नाही, पण लेखक जिथे आहे तिथला तुकडा अस्सल असतो, ब्रेलसकट. मोनॅकोवर उभा असलेला व्हीएस कोड २०१५ मध्ये जाहीर झाला आणि अंध प्रोग्रामरांनी तो मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. त्यात ऑल्ट आणि एफ-१ दाबलं की सुलभतेची माहिती उघडते, कंट्रोल आणि एम दाबलं की टॅबची कळ मोकळी होते, चूक असलेल्या ओळीवर गेलं की लहानसा ध्वनी वाजतो. लपलेली चौकट ही गेल्या वीस वर्षांतली सर्वांत कमी कौतुक झालेली कल्पना म्हणावी लागेल. दिखाऊपणा तिच्यात काही नाही. लोकांच्या नोकऱ्या तिनं टिकवल्या.

याच काळात ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. लहानपणी एका संगीत शिबिरात भेटलेला त्याचा अंध मित्र जेम्स टे त्याला येऊन मिळाला. जॉजची किंमत भारतासारख्या देशात सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर होती. एनव्हीडीए फुकट आणि त्याचा कोड खुला, त्यामुळे एडिटर घडवणाऱ्यालाही तो आपल्या संगणकावर टाकून, डोळे मिटून, आपलं काम ऐकता येऊ लागलं.

वर्डप्रेसचा प्रसंग मात्र मागे टाकण्यासारखा नाही. जगातल्या सुमारे एक तृतीयांश वेबसाइट ज्या व्यवस्थेवर चालत होत्या, तिनं ६ डिसेंबर २०१८ रोजी आपला जुना एडिटर बदलून ‘गुटेनबर्ग’ आणला. जुन्या एडिटरात लेख म्हणजे एक सलग मजकूर होता. नव्यात प्रत्येक परिच्छेद, शीर्षक, चित्र हा वेगळा ठोकळा, आणि प्रत्येक ठोकळ्याला स्वतःची बटणं. ऐकत लिहिणाऱ्याला दोन परिच्छेदांमधली वाट अशा बटणांच्या गर्दीतून काढावी लागे. सुलभता गटाचं नेतृत्व करणाऱ्या रियान रीटफेल्ट यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये, एडिटर बाहेर पडायच्या आधीच, राजीनामा दिला. वर्डप्रेसवर काम करणाऱ्या विद्यापीठीय मंडळींच्या ‘डब्ल्यूपी-कॅम्पस’ या समूहानं मग वर्गणी जमवून स्वतंत्र तपासणी करवून घेतली. तिचा अहवाल मे २०१९ मध्ये आला. त्यानंतर दुरुस्त्या झाल्या. एस्केप दाबून ठोकळ्यांवरून फिरायचं, एंटर दाबून आत लिहायला शिरायचं, अशी सोय त्याच वर्षी आली. पण अनेक अंध ब्लॉगलेखकांनी मधल्या काळात जुना एडिटर परत बसवणारी पुरवणी धरून ठेवली. एडिटर घडवतानाच अशा माणसांना सोबत घेतलं असतं तर हे टळलं असतं. ती माणसं त्याच गटात काम करत होती आणि सांगत होती.

मराठीत लिहिणाऱ्या दृष्टिहीनांची वाट यापेक्षा वेगळ्या जागी अडली. इंग्रजी पडद्यावर चित्र खरं आणि त्याखालचा मजकूर गायब, अशी अडचण होती. मराठीत मजकूर होता, पण तो मराठी नव्हता. अनेक वर्षं आपली वर्तमानपत्रं, पुस्तकं, कार्यालयीन पत्रं ज्या फॉण्टांत घडली, त्यांत फाइलमध्ये साठवलेली असत रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉण्ट त्यांवर देवनागरीचा वेष चढवी. डोळ्यांना ‘महाराष्ट्र’ दिसे, स्क्रीन रीडर मात्र अर्थहीन इंग्रजी अक्षरांची माळ वाचे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० पासून मराठीला थेट आधार मिळाला, तरी जुने फॉण्ट पुढे कित्येक वर्षं रेंगाळले. ई-स्पीकसारख्या खुल्या आवाजात मराठी आलं आणि एनव्हीडीएबरोबर ते फुकट मिळू लागलं, तेव्हा कुठे घरच्या संगणकावर मराठीत लिहून मराठीतच ऐकणं सोपं झालं.

युनिकोडमुळे एक चांगली गोष्ट घडली. कागदावर ‘कि’ची वेलांटी आधी दिसते, पण युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते, म्हणजे उच्चाराच्या क्रमानं. १९५१ मध्ये ठरलेल्या भारती ब्रेलमध्येही स्वरचिन्ह व्यंजनानंतरच येतं. मात्र जोडाक्षरांत दोन्हींचे रस्ते वेगळे होतात: युनिकोडमध्ये हलन्त व्यंजनानंतर, भारती ब्रेलमध्ये त्याच्या आधी. ब्रेल डिस्प्लेवर मराठी संपादित करणाऱ्यासाठी पडद्यावरची जागा आणि बोटाखालची जागा यांचं गणित म्हणूनच इंग्रजीपेक्षा अवघड असतं.

कर्सरचा प्रश्न देवनागरीत आणखी एक पायरी खोल जातो. ‘स्त्री’ या शब्दात युनिकोडची सहा चिन्हं आहेत. बाणाची कळ एकदा दाबल्यावर कर्सरनं किती पुढे जावं? युनिकोडच्या जुन्या नियमानं शब्दाचे तीन तुकडे पडत: स्, त्, री. सप्टेंबर २०२३ मधल्या १५.१ या आवृत्तीत भारतीय लिप्यांच्या जोडाक्षरांसाठी नियम बदलला आणि संपूर्ण ‘स्त्री’ एक तुकडा ठरला. पण बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी शेवटचं एकच चिन्ह खोडते. डोळस माणूस काय उरलं ते पाहून घेतो. ऐकणाऱ्याला एडिटर, ब्राउझर आणि स्क्रीन रीडर यांचे तुकडे एकसारखे पडले तरच विश्वास ठेवता येतो; नाहीतर कान सांगतात एक आणि खोडलं जातं दुसरंच. आपला कर्सर आपणच रेखाटणाऱ्या प्रत्येक वेब-एडिटरला हे गणित स्वतः सोडवावं लागतं, आणि इंग्रजीत तपासणी करून ते सुटलं की नाही हे कळत नाही.

मे २०२१ मध्ये गूगलनं जाहीर केलं की डॉक्सचा मजकूरही आता कॅनव्हासवरच रंगवला जाईल. बेस्पिनला बारा वर्षं झाली होती. फरक इतका की या वेळी त्याच घोषणेत स्क्रीन रीडर, ब्रेल उपकरणं आणि भिंग वापरणाऱ्यांच्या सोयीला धक्का लागणार नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये क्रोम ब्राउझरच्या १२१ व्या आवृत्तीत ‘एडिट-कॉण्टेक्स्ट’ नावाची नवी सोय आली. मजकूर कुणीही, कसाही रंगवला तरी लिहिण्याची क्रिया, निवड आणि कर्सरची जागा यांची देवाणघेवाण ब्राउझरशी रीतसर करता यावी, लपलेल्या चौकटीची कसरत करावी लागू नये, हा तिचा हेतू आहे; व्हीएस कोडनं त्या दिशेनं पावलं टाकलीही आहेत. पण कॅनव्हासवर रंगवलेला मजकूर स्क्रीन रीडरला देण्याचं काम ती सोय आपोआप करत नाही. ते एडिटर लिहिणाऱ्यानंच करायचं आहे, आणि मराठीच्या बाबतीत ‘स्त्री’चे तुकडे किती पाडायचे हेही त्यानंच ठरवायचं आहे.